लेकीच्या नाकावरचे चष्मे

चष्मेवाल्याला माणसाचं नुसतं तोंड बघून नंबर सांगता येतो, अशी गल्लीत ख्याती होती. ती त्यानंच पसरवली होती, हा भाग वेगळा. रस्त्यानं जाणाऱ्यानं पाटी वाचताना मान जराशी तिरकी केली, की हा दुकानाच्या पायरीवरून ओरडणार, "अहो, डावा डोळा! डावा तपासून घ्या!" माणूस दचकून डाव्या डोळ्यावर हात ठेवायचा आणि त्याच हातानं दार ढकलून आत यायचा. बऱ्याचदा त्याचं खरंही निघायचं. त्यामुळे झालं काय, की जगातली निम्मी दुखणी डोळ्यांतून येतात आणि उरलेली निम्मी डोळे न तपासल्यामुळे येतात, असं त्याचं पक्कं होऊन बसलं.

दुकान रुंदीला बेताचं आणि लांबीला बोगद्यासारखं. दोन्ही भिंतींना वरपासून खालपर्यंत आरसे. आरशांपुढे काचेच्या फळ्या, फळ्यांवर फ्रेमी, फ्रेमींच्या वर दिवे आणि फळ्यांच्या खालीही दिवे. पांढऱ्याफटक उजेडात फ्रेम चांगली दिसते आणि तीच घालून गिऱ्हाईक त्याहून चांगलं दिसतं, हे त्याचं धंद्याचं तत्त्व. आत येणारा प्रत्येक जण आधी डोळे मिचकावायचा. "बघा, मिचकावले! काहीतरी आहे," असं म्हणत हा खुर्ची पुढे करायचा.

मागं पडद्याआड काच घासायचं चाक होतं. त्यावर पाण्याची धार सोडून तो काच फ्रेमच्या मापाला आणायचा. त्या चाकाचा आवाज दातांतून शिरून थेट कवटीत उतरायचा. त्याला स्वतःला तो ऐकूच यायचा नाही. चाकाशेजारी फ्रेमी जोडायच्या चिकट पातळ द्रावणाची बाटली असायची, तिचं झाकण कायम उघडं. तो वासही त्याला येत नसे. वर्षानुवर्षं एका जागी काम करणाऱ्याचं असंच होतं. त्याच्या नाकाला आणि कानाला आपल्या खोलीपुरती सुट्टी मिळालेली असते.

लेक एकुलती. लहानपणी एका जागी ठरत नव्हती म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. आता ती नववीत होती आणि तासन्‌तास एका जागी बसायची, पण नाव तेच राहिलं. आई एका कापडाच्या गोदामात माल तपासायला जायची ती संध्याकाळी परतायची. म्हणून शाळा सुटली की भिंगरी दप्तरासकट दुकानात. गल्ल्याच्या बाजूच्या उंच स्टुलावर बसून अभ्यास करायचा, गिऱ्हाईक आलं की फ्रेमी काढून दाखवायच्या, गेलं की पुसून ठेवायच्या. हातानं ती बापासारखीच तयार होती. दांडी किती वाकवली की कानामागं बसेल, हे तिला न मोजता कळायचं.

दुकानात एकच कडक नियम होता. आत काही खायचं नाही. तेलकट बोट काचेला लागलं की चष्मेवाल्याचं डोकंच फिरायचं. "खायचं ते घरी जाऊन. इथं काचा आहेत, खानावळ नाही." भिंगरी शाळेतल्या मधल्या सुट्टीत वाचनालयात पुस्तकं लावायला जायची, त्यात डबा बऱ्याचदा तसाच राहायचा. तो मग दप्तरात, दप्तर स्टुलाखाली, आणि स्टुलावर ती, आई घरी येईपर्यंत. पाण्याचं तर नावच नको. शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह असं, की नाक दाबूनही आत जाववत नसे. तिथं जावंच लागू नये म्हणून वर्गातल्या निम्म्या पोरी दिवसभर पाणीच पीत नसत. ही गोष्ट सगळ्या पोरींना ठाऊक होती, घरच्यांना नव्हती.

आठवीच्या अखेरीला तिचं डोकं दुखायला लागलं. एकाच बाजूला, डाव्या भुवईच्या वर. कुणीतरी आतून अंगठा दाबून धरावा तसं. ठोके पडायचे, मळमळायचं, उजेड सहन व्हायचा नाही.

"बाबा, डोकं दुखतंय."

खरं सांगायचं तर चष्मेवाला हे ऐकून मनातून हरखलाच. सुताराला त्याच्या पोरीनं येऊन सांगावं, बाबा, खाटेचा पाय हलतोय, तसं ते होतं. दुखणं वाईट खरं, पण आपल्या हातातलं.

"बस खुर्चीत."

तपासणीची जड गोल फ्रेम तिच्या नाकावर बसली. तो काचा टाकत गेला, काढत गेला. समोर भिंतीवर अक्षरांच्या ओळी.

"पहिलं बरं, की दुसरं?"

"दुसरं."

"आता? हे, की हे?"

"पहिलं... नाही, दुसरं."

"पाव नंबर आहे," तो विजयानं म्हणाला. "अगदी पाव. पण पाव नंबरच फार छळतो हं. मोठा नंबर निदान तोंडावर सांगून तरी छळतो."

त्यानं स्वतः काच घासली, दुकानातली सगळ्यात हलकी फ्रेम काढली. दुखणं काही दिवस आलं नाही. अर्धशिशीची ही खोडच असते. ती आपल्या मर्जीनं येते आणि आपल्या मर्जीनं जाते. पण गेली, की ज्यानं शेवटचा उपाय केलेला असतो त्याला वाटतं, आपणच घालवली. तेव्हा घरात अर्धशिशी हा शब्द कुणी उच्चारलाही नव्हता. चष्मेवाल्यानं मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला लेकीची गोष्ट सांगायचा सपाटा लावला. "माझीच लेक बघा. डोकं धरून बसायची. नंबर लावला, बंद!"

पलीकडच्या इमारतीतल्या शिवणवाल्या बाईंनी हे ऐकून स्वतःच्या पोरीला चष्मा करून नेला. तिचंही डोकं दुखायचं.

एकदा दुकान भरलेलं असताना त्यानं सगळ्यांदेखत हाक मारली. "काय गं भिंगरी, चष्मा लावल्यापासून दुखलं का कधी?"

त्या दिवशी सकाळपासून तिचं डोकं फुटायला आलं होतं. तिनं मान वर केली. एका आरशात बापाचं तोंड, दुसऱ्यात पाठीमागून तेच, तिसऱ्यात बाजूनं. सगळीकडून तो तिच्याकडे बघत होता, आणि सगळीकडे चेहरा असा, की कुणी नुकतीच पाठ थोपटावी आणि आणखी एकदा थोपटेल म्हणून वाट बघावी.

"नाही बाबा," ती म्हणाली.

तिथून तिची जीभ त्या वाटेला लागली. पुढं दुखलं की ती चष्मा पुसायची आणि गप्प बसायची. अगदीच असह्य झालं तर सांगायची, मग दुसरा चष्मा व्हायचा. दुसऱ्याला फिकट निळी काच लावली. तिसऱ्याची काच जरा कलती बसवली, कारण "डोळ्याचा अक्ष सरकलाय." चौथ्याची फ्रेम बदलली, कारण तिसरीचा भार नाकावर पडत होता. दर वेळी खुर्ची, दर वेळी पहिलं की दुसरं, दर वेळी ती म्हणायची, हे बरंय.

सुट्टीच्या दिवशी दुकानात सगळ्यात गर्दी. तरी तो बायकोला सांगायचा, "तिला उठवू नकोस. आठवडाभर राबते पोर, झोपू दे पोटभर." आधीच्या रात्री ती उशिरापर्यंत मोबाइलवर मैत्रिणींशी बोलत पडायची, सकाळी ऊन डोक्यावर येईस्तोवर झोपायची, न्याहारी बुडायची, आणि उठायची ती डोकं धरूनच. नेमकं दुकानात मदतीला जायची वेळ झाली की.

"हे बरंय," चष्मेवाला एकदा बायकोला म्हणाला. "शाळेच्या दिवशी गप्प, आणि सुट्टी आली की डोकं. दुखण्याला पण वार कळतो वाटतं."

"पोरगी तुमची आहे," बायको म्हणाली. "धंद्याची वेळ सांभाळूनच आजारी पडणार."

ती हसण्यावारी नेत होती. त्याच्या मनात मात्र ते रुतून बसलं. आणि मग त्यानं जे केलं, ते चष्मेवाल्यालाच सुचू शकतं. पुढच्या वेळी भिंगरी तक्रार घेऊन आली, तेव्हा त्यानं तिला खुर्चीत बसवलं, तपासणीची फ्रेम चढवली आणि तिच्यात नुसती काच टाकली. नंबर नाही, काही नाही. खिडकीला लावतात तशी सपाट काच. ती काढली आणि दुसरी टाकली. तीही तशीच.

"पहिलं, की दुसरं?"

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "दुसरं."

"नक्की?"

"दुसरं एकदम छान आहे, बाबा."

त्यानं फ्रेम काढून घेतली. पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी जेवताना मात्र बायकोपुढं फणफणला, "पोरगी खोटं बोलते."

"काय खोटं बोलली?"

त्यानं सांगितलं. बायकोचा घास हातातच राहिला. "तुम्ही लेकीसाठी सापळा लावलात?"

"सापळा कसला? तपासणी म्हणतात त्याला."

"मग तपासणीत काय निघालं? ती बरं नसताना बरं आहे म्हणते, हेच ना? दुखत नसताना दुखतंय म्हणाली, असं कुठं निघालं?"

"एकच आहे ते."

"एकच नाहीये," बायको म्हणाली. पण तो पाणी प्यायला उठला होता. त्या प्रश्नापाशी तो थांबला असता, तर पुढचं झालं नसतं. पण आपलं हत्यार चुकीचं आहे, यापेक्षा आपली लेक लबाड आहे, हे मानणं त्याला त्या वेळी सोपं गेलं. हे त्यालाही पुढं उमगलं, आणि उमगल्यावर तो बरेच दिवस आरशात बघून दाढी करायला धजत नव्हता.

सवलतीचा आठवडा लागला. वर्षातून एकदाच लागतो, आणि एरवी चष्मा शर्टाला पुसणारी माणसंसुद्धा तेव्हा दोन-दोन फ्रेमी घेऊन जातात. सुट्टीच्या सकाळी भिंगरी उशिरा उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

"बाबा, आज नको. आज खरंच..."

"पुरे झाली नाटकं," तो म्हणाला. "तुझं डोकं नुसत्या काचेनंही थांबतं. बघितलंय मी. ऊठ, आवर."

नुसती काच म्हणजे काय, हे तिनं विचारलंही नाही. कपडे बदलले, केस घट्ट बांधले आणि काही न खाता त्याच्यामागून चालू लागली.

दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. वरचे दिवे, खालचे दिवे, शिवाय सवलतीसाठी दारात टांगलेली उघडझाप करणारी दिव्यांची माळ. मागं चाक थांबायचं नाव घेत नव्हतं. एका बाईंनी अंगावर अत्तराची अख्खी बाटली उपडी केल्यासारखा वास येत होता. भिंगरी त्यांना फ्रेमी दाखवत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"बाबा," ती हळू म्हणाली, "मला या काकूंचा अर्धा चेहरा दिसत नाहीये."

आसपासचे हसले. कुणीतरी म्हणालं, "घ्या! चष्मेवाल्याच्या घरीच अंधार!"

चष्मेवालाही हसला. गिऱ्हाइकासमोर हसायचं असतं म्हणून हसला. "अगं, मग चष्मा लाव की नीट!"

तीसुद्धा हसली. बापानं हसायला लावलं म्हणून. मग म्हणाली, "कडेला वाकड्यातिकड्या रेघा चमकतायत." आणि पुढच्या क्षणी ती काउंटरवर ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पित्त. तशीच खाली बसली आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून स्टुलाच्या पायाला डोकं टेकलं.

चष्मेवाला झेपावला. झेपावला आणि त्यानं काय केलं? काउंटरवर महागड्या फ्रेमींचा ट्रे होता, तो आधी उचलून बाजूला ठेवला. मग लेकीकडे वळला. तोवर शिवणवाल्या बाई, ज्या आपल्या पोरीची काच बदलायला आल्या होत्या, त्यांनी भिंगरीला कवेत घेतलं होतं. "दिवे बंद करा हो!" त्या ओरडल्या. "आणि ते चाक थांबवा मेलं!"

त्यानं आधी ट्रे उचलला, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. लोक पोरीकडे बघत होते. पण दोन्ही भिंतींना आरसे असलेल्या दुकानात माणूस स्वतःच्या नजरेतून सुटत नाही. ट्रे उचलणारा स्वतः त्याला चहूबाजूंनी दिसला.

डॉक्टरबाईंनी आधी डोळे तपासून घ्यायला पाठवलं. डोळ्यांत थेंब घालून, दिवे मारून, सगळं बघून चिठ्ठी आली. डोळे उत्तम. नंबर नाही. पावसुद्धा नाही.

चष्मेवाल्यानं चिठ्ठी वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. मग पुन्हा काढून वाचली.

"अर्धशिशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या वयात पुष्कळ मुलामुलींना असते. घरात आणखी कुणाला?"

"कुणाला नाही," चष्मेवाला म्हणाला.

"असं काय करता?" बायको म्हणाली. "तुमच्या ताईंना नव्हती? डोक्याला फडकं बांधून अंधारात पडायच्या त्या?"

"ताईचं निराळं. ताईला नंबर होता," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचा आवाज खाली गेला.

डॉक्टरबाई भिंगरीशी बोलू लागल्या. काय खातेस, कधी खातेस, पाणी किती, झोप कशी. सुरुवातीला ती प्रत्येक प्रश्नाला बापाकडे बघायची.

"त्यांच्याकडे नको बघू. त्यांचं डोकं नाही दुखत," बाई म्हणाल्या.

मग एकेक बाहेर आलं. डबा राहतो. पाणी पीत नाही, कारण शाळेतलं स्वच्छतागृह तसलं आहे. सुट्टीला उशिरा उठते, न्याहारी होत नाही. परीक्षा जवळ आली की जास्त दुखतं, पण परीक्षा संपली की त्याहून जास्त. पाळीच्या आधी तर हमखास. इथं चष्मेवाला भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. शाळेनंतर दुकान. तिथं खायचं नाही. चाकाचा आवाज डोक्यात जातो. चिकटवायच्या द्रावणाचा वास आला की भुवईच्या वर सुरू होतं. दिवे खूप आहेत. आरसे आहेत, म्हणून दिवे आणखी जास्त आहेत. आणि दुखलं की आईच्या पर्समधली गोळी.

"किती वेळा?"

"बऱ्याचदा," भिंगरी म्हणाली. आईनं पर्स मांडीवर घट्ट धरली.

"आठवड्यात दोन-तीन दिवसांहून जास्त गोळी घेतली, तर पुढं गोळीच डोकं दुखवायला लागते. हे आपण आधी सोडवू."

"म्हणजे सगळं दुकानामुळंच झालं?" चष्मेवाल्यानं विचारलं. त्याला हो ऐकायचं होतं. हो म्हटलं असतं तर शिक्षा तरी झाली असती.

"नाही हो. दुखणं तिच्या ठेवणीतच आहे, तुमच्या घराण्यातून आलंय. बाकीची निमित्तं. तिच्या डोक्याला फेरबदल सोसत नाही. उपाशी राहणं सोसत नाही, झोप कमी झालेली सोसत नाही, तशी जास्तही सोसत नाही. एकेक निमित्त कदाचित पचतं. तीन-चार एकदम आली की उलटतं. सगळी टाळता येणार नाहीत. वेळेवर खाणं, पाणी, रोज एकाच सुमारास उठणं, सुट्टीलासुद्धा, हे तुमच्या हातात आहे. आणि तिनं दुखतंय म्हटलं की दुखतंय. लवकर सांगितलं तर औषध चालतं, उशीर झाला की नाही. तेव्हा तिनं लगेच सांगायला हवं."

तिनं लगेच सांगायला हवं. बाई सहज म्हणाल्या. चष्मेवाल्याला कळलं, की औषधाच्या चिठ्ठीत हेच एक औषध असं आहे, जे दुकानात मिळणार नाही. आणि ते संपवलंय त्यानंच.

घरी येऊन त्यानं मोठ्या बहिणीला फोन लावला.

"ताई, तुला अर्धशिशी होती?"

"होती काय? आहे! कालच पडून होते. का रे, तुला आज आठवण झाली?"

"मग मी तुला चष्मा केला होता, तेव्हा तू म्हणालीस डोकं थांबलं."

पलीकडून ताईचं खळखळून हसणं आलं. "बाळ्या, तू नवीन नवीन दुकान काढलं होतंस रे. पहिला चष्मा माझ्या नाकावर चढवलास. मी काय म्हणणार होते, तुझी काच कुचकामी आहे म्हणून? अजून घालते. फोटोत बरी दिसते मी त्यात."

"नंबर नव्हता तुला?"

"देव जाणे. मला त्यातून जिन्याची एकेक पायरी दोनदा दिसते. म्हणून उतरताना काढून ठेवते." मग तिचा आवाज बदलला. "का रे? पोरीला झालीय का? तीही म्हणाली का तुला, थांबलं म्हणून?"

त्यानं फोन बायकोकडे दिला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्याच्या घरातल्या दोन बायका त्याच्या मायेपोटी त्याच्या काचांतून वाकडं जग बघत होत्या, आणि तो गल्लीभर सांगत होता, लावला, बंद!

संध्याकाळी तो भिंगरीच्या खोलीत गेला. पडदे ओढलेले होते. ती उशीला टेकून बसली होती.

"मी त्या दिवशी नुसती काच लावली होती," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. चुकलंच माझं."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"नुसती काच आहे ते. तुम्ही काच आत सरकवत होता, तेव्हा अक्षर जरासुद्धा हललं नाही. नंबर असता तर हललं असतं." ती म्हणाली. "चष्मेवाल्याची लेक आहे मी."

तो खाटेच्या कडेवर बसला. "मग दुसरं छान का म्हणालीस?"

"तुमच्या तोंडाकडे बघून. तुम्हाला काहीतरी हवं होतं. मला वाटलं, दुसरं हवंय."

तिनं हे रागानं म्हटलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. ती रागावलेली नव्हती. कुठली फ्रेम कुठल्या खणात आहे, हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

त्यानंतर दुकान बदललं. फळ्यांखालचे दिवे गेले, माळ गेली, बाटलीवर झाकण बसलं. काच घासायचं काम सकाळी, ती शाळेत असताना. खाण्यासाठी मागं एक टेबल मांडलं, आणि तेलकट बोटांचं म्हणाल तर त्यानं पुसायची फडकी वाढवली. शाळेच्या त्या स्वच्छतागृहासाठी आई आणि शिवणवाल्या बाई मुख्याध्यापकांना जाऊन भेटल्या, आणि अशा काही बोलल्या, की निदान पाणी आणि कडी यांची सोय झाली. शिवणवाल्या बाईंच्या पोरीचा चष्मा त्यानं परत मागितला. "मी डॉक्टर नाही. डॉक्टरकडे न्या तिला. मी उगाच सांगितलं होतं."

"अहो, पण तिला बरं वाटतं म्हणते ती!"

"ते तिला एकटीला बसवून विचारा," तो म्हणाला. "मी समोर नसताना."

हे सगळं झालं. दुखणं अजून यायचं, पण जरा कमी. मुख्य गोष्ट मात्र तशीच अडून होती. तो विचारायचा, "दुखतंय का?" ती म्हणायची, "नाही." आणि त्या नाहीचं काय करायचं, ते त्याला कळत नव्हतं. ते 'नाही' त्यानंच तिला शिकवलं होतं. म्हणून तो पुन्हा विचारायचा. न्याहारीला, दारात, दुकानात, झोपताना. तिच्या कपाळाकडे चोरून बघायचा. भुवई हलली की पाण्याचा पेला घेऊन हजर.

"बाबा!" एक दिवस ती कडाडली. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. "तुम्ही सारखं विचारता ना, त्यानंच दुखेल माझं डोकं! नाही दुखत! दुखेल तेव्हा सांगेन!"

गिऱ्हाइकं फ्रेमी बघायचं सोडून त्याच्याकडे बघू लागली. त्याचे कान तापले. आणि त्यातच त्याच्या ध्यानात आलं, की लोकांसमोर, त्याच्या तोंडावर, त्याला नको असलेली गोष्ट तिनं पहिल्यांदाच सांगितली आहे. तो "बरं" म्हणाला आणि पडद्याआड जाऊन उगाचच स्क्रू निवडत बसला. विचारणं त्यानं बंद केलं. फार जड गेलं. चार-चारदा जीभ चावावी लागायची.

पुढं एका सुट्टीच्या सकाळी सगळे नेहमीच्या वेळेला उठले. ती न्याहारीला बसली, दोन घास खाल्ले आणि पेला खाली ठेवला.

"बाबा, सुरू होतंय."

तो तिच्या तोंडाकडे बघायला लागला आणि तिथंच त्यानं नजर वळवली. तिला आत्ता त्याचं तोंड दिसायला नको होतं. औषध आणून दिलं, पडदे ओढले, दार लोटून घेतलं. बायकोनं ओलं फडकं नेलं. तो बाहेर जमिनीवर भिंतीला टेकून बसला. आत ती कण्हली. आज कुणासाठी तोंड दाबून धरलं नव्हतं तिनं. याआधी किती वेळा ती असंच दुखत असताना, स्टुलावर बसून, फ्रेमी पुसत, नाही बाबा, म्हणाली असेल, याचा हिशेब त्याला लागणार नव्हता. तो लागत नाही, हेच त्याला आता आयुष्यभर पुरणार होतं.

फोन थरथरला. एक जुनं गिऱ्हाईक. "अहो, दुकान बंद कसं? बाहेर उभा आहे मी."

"आज उशीर होईल," तो कुजबुजला. "लेकीचं डोकं दुखतंय."

"अरेरे. मग नंबर तपासा की तिचा! तुमच्याच तर हातात आहे."

चष्मेवाल्यानं दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"तपासलाय," तो म्हणाला. "डोळे चांगले आहेत तिचे. अगदी चांगले आहेत. तुम्ही दुपारनंतर या."